साखर, तहान आणि ग्लानी

माळव्यातील मराठी घरांत 'मधुमेह' हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. "यांना शुगर आहे" एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास सर्व काही उमगते. ज्या समाजात रविवारची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि श्रीखंडावाचून पाडवा सुना वाटतो, त्या समाजाला या व्याधीशी सलगी करणे भागच पडले आहे. परंतु सलगीचा एक दोष असा, की तिच्यामुळे भीती मोडते. वीस-तीस वर्षे जी व्याधी घरातील एखाद्या वृद्ध आश्रितासारखी कोपऱ्यात निमूट बसून राहते, ती एखाद्या आठवड्यात उठून माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे आमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. साखर एकाएकी उतरली तर काय होते, हे आता घरोघर ठाऊक झाले आहे. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड. आणि लगेच कोणीतरी साखरेचा डबा घेऊन धावते. साखर अतोनात चढली तर काय होते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. ती चढते तीच मुळी गाजावाजा न करता.

रक्तातील साखर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की ती सगळीच्या सगळी परत शोषून घेणे मूत्रपिंडांना झेपत नाही. मग ती लघवीवाटे जाऊ लागते, आणि जाताना एकटी जात नाही; शरीरातील पाणी व क्षार ओढून नेते. आमच्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हे सुटले नव्हते. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात असे सांगितले आहे. साखर जितकी अधिक, तितके पाणी अधिक जाणार. पाणी जितके अधिक जाईल, तितके रक्त दाट होऊन साखरेचे प्रमाण आणखी चढणार. हे रहाट एकदा फिरू लागले म्हणजे आपण होऊन थांबत नाही.

आमच्या एका आत्याबाईंच्या बाबतीत ते कसे फिरले, हे येथे थोडे विस्ताराने सांगतो. त्या देवासला एका जुन्या वाड्यात राहतात. वय चौऱ्याहत्तर, वीस वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या, बाकी प्रकृती ठणठणीत. मे महिना होता. त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली होती आणि बारीक तापही येत होता. पण असल्या तक्रारी पुरुषमाणसांपुढे बोलून दाखवण्याची त्यांच्या पिढीला सवय नाही. तहान फार लागे. रात्री चार-पाच वेळा उठावे लागे, आणि वाड्यातील न्हाणीघर व मोरी चौकाच्या पलीकडे. गुडघे धरलेले. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता एक सोपा उपाय शोधला: संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाही. दिवसा तोंडाला कोरड पडली की सूनबाई प्रेमाने गुळाचे पन्हे करून देई, आणि आमचे आतेभाऊ बाजारातून येताना उसाचा रस आणत. लू लागली असावी, असा घरात सर्वांचा समज. माळव्यातल्या मे महिन्यात तो समज होणे स्वाभाविकच होते.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी आत्याबाई दिवसभर झोपून राहिल्या, आणि "उन्हाने ग्लानी आली आहे, पडू द्या" असे ठरले. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली आणि चहाचा पेला उजव्या हातात धरता येईना. आता मात्र सर्वांच्या पोटात गोळा आला; अर्धांगाचा झटका, हीच कल्पना प्रथम मनात आली. शेजारच्या बिऱ्हाडातून साखर मोजण्याचे यंत्र आणले. त्यावर आकडा उमटलाच नाही. इंग्रजीत 'एच' आणि 'आय' ही दोन अक्षरे तेवढी दिसली. धाकट्या नातवाने ती 'हाय' अशी वाचली, आणि यंत्र आजीची विचारपूस करीत आहे की काय, अशी त्याची क्षणभर समजूत झाली! ती अक्षरे म्हणजे यंत्राची मापण्याची मर्यादा संपली असा इशारा असतो. पुष्कळ यंत्रांत ही मर्यादा ६०० ची असते. हे ज्यांना ठाऊक नाही ते यंत्र बिघडले म्हणून बाजूला ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

इस्पितळात साखर साडेआठशेच्या पुढे निघाली. आम्ही इंदूरहून पोहोचलो तेव्हा दोन्ही हातांना सलाईन लावलेले होते. डॉक्टरांनी सांगितले, की अशा रोग्याच्या शरीरातून आठ-नऊ लिटरपर्यंत पाणी गेलेले असू शकते, आणि ते अत्यंत बेताबेताने, रक्तातील क्षारांवर नजर ठेवून भरून काढावे लागते. मेंदूच कोरडा पडल्यामुळे बोलण्यात भ्रम होतो, कधी हातपाय लुळे पडतात, कधी आकडीही येते. म्हणून पुष्कळदा लोक तो पक्षाघात समजतात. आत्याबाईंचा हात चौथ्या दिवशी पूर्ववत झाला. शुद्धीवर येऊन भोवतालच्या बाटल्या पाहताच त्या म्हणाल्या, "अरे, एवढं पाणी मी जन्मात प्यायले नव्हते, आणि तुम्ही ते हातातून पाजलंत होय!" त्या बचावल्या, हे त्यांचे सुदैव, या विकारात, विशेषतः वृद्धांमध्ये, सर्वच जण बचावत नाहीत.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. आत्याबाईंच्या शरीरात थोडेबहुत इन्सुलिन शिल्लक होते. तेवढ्याने साखर आवरत नाही, परंतु चरबीचे अनियंत्रित ज्वलन मात्र रोखले जाते. म्हणून हा प्रकार दिवसेंदिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, चोरपावलांनी वाढत राहतो आणि प्रौढ व वृद्ध माणसांना गाठतो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ नसतेच, त्यांची गोष्ट निराळी. तेथे शरीर इंधनासाठी चरबी जाळत सुटते, यकृतात कीटोन नावाची आम्ले तयार होतात, आणि रक्त आंबते. याला तास पुरतात. फार तर एक-दोन दिवस.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलाचे असेच झाले. मूल दोन-तीन आठवड्यांत वाळले. वर्गात सारखी लघवीची परवानगी मागू लागले, आणि कित्येक वर्षांनी अंथरूण ओले करू लागले. आईने रागे भरले, आजीने दृष्ट काढली, जंतांचे औषध झाले. मग एके दिवशी ओकाऱ्या आणि पोटदुखी. प्रथम ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी वांती थांबवण्याचे औषध देऊन घरी पाठवले. रात्री मुलाचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा खोल व जलद चालू लागला. दमा म्हणावा तर छातीत घरघर नाही. दुसऱ्या दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या मुलाच्या तोंडाजवळ वाकल्या आणि उभ्या राहतानाच म्हणाल्या, "याची साखर पाहा." त्याच्या श्वासाला अतिपक्व फळासारखा, किंवा नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा, गोडसर वास येत होता. त्या घरात तोपर्यंत कोणालाही मधुमेह नव्हता, आणि मुलांना मधुमेह होतो हेही कोणास ठाऊक नव्हते. आज तो मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि क्रिकेटही खेळतो.

हा खोल श्वास जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली वर्णन करून ठेवला. त्यांचेच नाव त्याला लाभले आहे. रक्तातील आम्लता कमी करण्यासाठी शरीर उच्छ्वासावाटे कर्बवायू बाहेर टाकण्याची ती केविलवाणी धडपड असते. कुसमाउल यांच्या काळी हे चिन्ह दिसले की वैद्यांच्या हाती काही उरत नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. पहिले इंजेक्शन अशुद्ध निघाल्याने फारसे लाभले नाही. दोन आठवड्यांच्या आत कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि गुण आला. त्या दिवसापासून ही अवस्था म्हणजे मरणच, असे उरले नाही. मात्र वेळेवर ओळखण्याचे काम इन्सुलिन करीत नाही. ते घरच्यांनाच करावे लागते. तो वासही सगळ्यांच्याच नाकाला कळतो असे नाही. तेव्हा वास आला नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

हे संकट बहुधा आयतेच चालून येत नाही. त्याला कोणीतरी दार उघडून देतो. ताप, न्युमोनिया, लघवीचा दाह, पायाची चिघळलेली जखम, कधी हृदयविकाराचा न कळलेला झटका, कधी दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दिलेली स्टिरॉइडची औषधे. आणि फार मोठा वाटेकरी म्हणजे चुकवलेले इन्सुलिन. आजारी माणूस जेवत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "आज पोटात काही नाही, आज इंजेक्शन नको." तर्क वरवर बिनतोड वाटतो, पण तो घातक आहे. ताप आला की शरीर न जेवताही साखर निर्माण करीत राहते. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने आजारपणात ते आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा किती ते डॉक्टरांना विचारावे, दर तीन-चार तासांनी साखर पाहावी, आणि साधे पाणी घोट घोट पीत राहावे. हाच प्रश्न एकादशीला व नवरात्रात उभा राहतो. उपासाच्या दिवशी इन्सुलिन टाळून वर साबुदाण्याची खिचडी व रताळ्याचा कीस खाणारे सज्जन आम्ही पाहिले आहेत. देव एवढ्याने प्रसन्न होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

अलीकडे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते अशा गोळ्या पुष्कळांना दिल्या जातात. औषध गुणकारी आहे. हृदयाला व मूत्रपिंडांना त्याचा लाभ होतो. परंतु त्यावर असताना क्वचित रक्त आंबते आणि साखर मात्र दोनशेच्या आसपासच दिसते. त्यामुळे ओकाऱ्या, पोटदुखी व धाप ही लक्षणे असता केवळ यंत्रातील आकडा बरा आहे म्हणून थांबू नये. लघवीतील कीटोन पाहण्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. ज्यांच्या घरी इन्सुलिन घेणारे मूल आहे, त्यांनी तरी त्या जवळ ठेवाव्यात, आणि साखर २५० च्या वर राहिली किंवा मूल ओकू लागले की वापराव्यात.

आजारपणात साखर वारंवार ३०० च्या वर दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. पोटात पाणी ठरत नसेल, श्वास खोल व जलद चालला असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, किंवा माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ ला दूरध्वनी करून सरळ मोठे इस्पितळ गाठावे. घरीच इन्सुलिन दुप्पट टोचून पाहण्याचा पराक्रम कोणी करू नये, कारण पाणी व पोटॅशियम सांभाळल्याविना साखर भराभर उतरवणे हृदयाला झेपत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये; त्याला कुशीवर वळवावे. शुद्धीत असलेल्या माणसाची साखर उतरली की चढली हेच कळेना आणि यंत्रही जवळ नसेल, तर थोडी साखर द्यावी. उतरलेली साखर थोड्या वेळात घात करू शकते. चढलेल्या साखरेत चमचाभर भरीने तेवढा अनर्थ होत नाही.

ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांसाठी उन्हाळ्याविषयी आणखी थोडे. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो आणि वीजही मनास येईल तेव्हा जाते. उष्णतेने नासलेले इन्सुलिन दिसायला पुष्कळदा चांगल्यासारखेच दिसते. टोचलेले असते, आणि गुण नसतो. न उघडलेली कुपी शीतकपाटात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र कदापि नाही, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. चालू कुपी तीस अंशांच्या आत साधारणतः चार आठवडे टिकते. जेथे शीतकपाट नाही किंवा विजेचा भरवसा नाही, तेथे आपला मातीचा माठ कामी येतो. मोठ्या माठात थोडे पाणी, त्यात लहान मडके, मडक्यात कोरड्या डब्यात कुपी, आणि माठ सावलीत वाऱ्याच्या जागी.

आत्याबाईंच्या घरी आता स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद डकवलेला आहे. त्यावर औषधांची नावे व मात्रा, डॉक्टरांचा क्रमांक, आणि खाली तीन रकाने: साखर किती, पाणी किती प्यायले, लघवीला केव्हा झाली. तिसरा रकाना प्रथम त्यांना मुळीच पसंत नव्हता. हल्ली तो त्या स्वतःच्या हाताने भरतात. मात्र कोणी पाहुणा आला की त्यावर दिनदर्शिका टांगतात.