सोळाव्या वर्षी यादी बंद करू नका

सोळाव्या वर्षी पोरगा कळतो, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात कबड्डीची मैदानं भरपूर. गणपती असो, गावची यात्रा असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, ५५, ६०, ६५ किलोच्या स्पर्धा लागतातच. अशा मैदानात जो सर्वांत जास्त गडी मारून येईल तो पुढे जाणार, बाकीच्यांनी भरतीची अकॅडमी गाठावी, असा माझा सरळ हिशेब होता. आता तो मला पटत नाही. तालुक्याच्या निवड चाचण्यांत मात्र अजून तोच चालतो, म्हणून हे लिहायला बसलो.

विचार बदलू लागला तो वजनकाट्यापाशी. स्पर्धेच्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात काटा मांडतात आणि पोरं चड्डीवर रांग लावतात. कुणी आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो, कुणी स्वेटरवर जर्किन चढवून कालव्याच्या कडेनं पळून आलेला असतो, कुणी कोपऱ्यात सारखा थुंकत असतो. काटा अर्धा किलो जास्त दाखवतो, की चालला परत पळायला. संध्याकाळी मैदान मारणारी बहुतेक हीच पोरं. एका सकाळी गुणांची वही मिटून मी त्यांना नुसतं न्याहाळलं. मिशा आलेल्या, आवाज फुटलेले, खांदे भरलेले. बऱ्याच जणांची उंची आता थांबत आलेली. त्यांच्या मागे बावन्न किलोचा एक पोरगा उभा होता. ओठावर लव नाही, पण पाऊल लांब, मनगट रुंद, हात गुडघ्याला टेकतील असे. त्याची वाढ अजून व्हायची होती. त्या दिवशी तो पहिल्याच चढाईत पकडला गेला आणि वहीत त्याच्या नावापुढं काही लागलं नाही. वजनी गटामुळं सगळे बरोबरीत येतात असं आपण म्हणतो. पण काट्यावर किलो कळतात. कुणाची किती वाढ झाली आणि किती राहिली, हे कुठं कळतं?

शालेय स्पर्धांत १४, १७, १९ वर्षांच्या गटांची वयं १ जानेवारीपासून धरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात उतरतात, आणि त्या वयात अकरा महिने फार असतात. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहीत, त्यामुळं असा विचार करायला वावच नव्हता. आताच्या पोरांचे दाखले खरे आहेत. मग निवडीच्या वेळी जन्मतारीख समोर का असू नये?

उशिरा पुढं येण्याचं म्हणून सिद्धार्थ देसाईचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. चंदगड तालुक्यातला हा चढाईपटू २०१८ मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीत पहिल्यांदा उतरला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. यू मुंबानं ३६.४ लाख मोजले होते. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटींना घेतला. सोळाव्या वर्षीच्या यादीवर सगळं थांबलं असतं तर?

प्रो कबड्डीतल्याच पुणेरी पलटणचं कामही मी याच नजरेनं पाहतो. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्यांनी नवोदित म्हणून घेतला, खेळवला, कर्णधार केला, आणि मार्च २०२४ मध्ये पलटणनं हरियाणा स्टीलर्सला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. मोहम्मदरेझा शादलूसारख्या बड्या खेळाडूवर त्यांनी २.३५ कोटी घातले होते हे खरं, पण त्याच्याभोवतीचे आकाश शिंदे, मोहित गोयत बोली लावून मिळत नसतात. अशी पोरं काही हंगाम जवळ ठेवावी लागतात. त्यामुळं निवड चांगली होती की वाईट, हे निवडीच्या दिवशी ठरत नाही. पुढची तीन-चार वर्षं संघानं त्या पोराचं काय केलं, त्यावर ठरतं.

निवडीच्या दिवशी न कळणं फक्त कबड्डीत नाही. अमेरिकेत बेसबॉलचे संघ १९६५ पासून दरवर्षी हौशी पोरांची निवड करत आले आहेत. इतका पैसा, इतकी माणसं, गावोगाव फिरणारे पारखी. तरी १९९१ मध्ये सर्वांत आधी निवडलेला ब्रायन टेलर वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, आणि १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत घेतलेल्या माइक पियाझाला २०१६ मध्ये तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. त्यांना नेमकं सांगता येत नाही, तर एका रविवारच्या मैदानावरून आम्ही काय सांगणार?

सोळाव्या वर्षी काहीच दिसत नाही, असंही नाही. कोपरा सांभाळणारा पोरगा बघा. चढाईपटूचं पाऊल पुढं पडायच्या आधीच तो सूर मारतो, की ते पडेपर्यंत दम धरतो? साखळीतला जोडीदार चुकला तर त्याच्यावर खेकसतो, की लगेच जागा भरतो? याचा मिशीशी आणि खांद्याशी संबंध नाही. मी आता गडी कमी मोजतो आणि हे जास्त पाहतो.

खरी अडचण घराची आहे. आमच्याकडं अठरावं लागलं की पोराला एमआयडीसीतली पाळी तरी धरावी लागते, नाहीतर पोलीस भरती. सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. घराला हा हिशेब समजतो, आणि त्यात घराचं काही चुकत नाही. खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मोठ्या स्पर्धेतल्या प्रमाणपत्रावर मिळतं आणि उशिरा वाढणाऱ्या पोराकडं अठराव्या वर्षी ते नसतंच. ज्यांच्यात पुढं जास्त दिसतं तेच आधी मैदान सोडतात, ते असे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून निवड समितीकडं माझी एकच मागणी आहे. सोळाव्या वर्षी गाळलेल्या पोरांची नावं, जन्मतारखा आणि उंची जपून ठेवा आणि अठराव्या वर्षी त्यांना घरी निरोप पाठवून पुन्हा चाचणीला बोलवा. त्या दिवशीचा एसटीचा खर्च आणि जेवण कबड्डी मंडळांनी करावं. आमच्या मंडळाचा वाटा मी आजच कबूल करतो.