नुसता हात लावून पाहिलं

हिंगोली,
८ मार्च २०२६

प्रिय धाकटीस,


परवा तू फोनवर रडलीस आणि मला धड बोलता आलं नाही. घरात पाहुणे होते. शिवाय अशा गोष्टी फोनवर बोलल्या की निम्म्या वाऱ्यावर जातात. पत्र कसं, उशाखाली ठेवता येतं, मन घाबरलं की काढून वाचता येतं. म्हणून लिहायला बसले.

तू म्हणालीस, "आक्का, आठ महिने त्यांनी मला सोडलं नाही. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. आणि जानेवारीत दाखवायला गेले तर नुसता हात लावून पाहिलं. रक्त घेतलं नाही, फोटो काढला नाही. म्हणाले, छान आहे, एप्रिलला या. एवढंच? मी सरकारी योजनेतली बाई म्हणून टाळलं का गं मला?" आणि पुढे म्हणालीस, की एप्रिलला हळद शिजवायची घाई असते, तेव्हा जाऊन तरी काय करू; त्यापेक्षा हळद विकली की पोरगा म्हणतो तसा सगळ्या अंगाचा स्कॅन एकदाच करून टाकू.

बाई गं, या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. जी तपासणी तुला किरकोळ वाटते तीच तुझ्या कामाची आहे, आणि ज्याच्यासाठी तू हळदीचे पैसे घालायला निघालीस त्याची तुला आज गरज नाही. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. दहा वर्षांपूर्वी माझेही स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले आणि मीही हेच केलं होतं.

आधी त्या हाताचं सांगते. जानेवारीत डॉक्टरांनी काय काय पाहिलं ते आठव. पहिल्यांदा तुला बसवून दोन्ही हात वर करायला सांगितलं असेल. टाक्यांच्या रेषेवरून, मग बाजूने, बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबत गेले असतील. मग दुसरी बाजू. मग दोन्ही काखा; हात सैल सोडायला लावून काखेच्या खोबणीत पार आतपर्यंत. गळ्याखालच्या हाडाच्या वर, मानेच्या दोन्ही अंगांना. पाठीचा मणका वरून खाली ठोकून पाहिला असेल. आडवं करून उजव्या बरगडीखाली यकृत चाचपलं असेल. आणि हे करताना विचारलं असेल: खोकला येतो का, दम लागतो का, पाठ दुखते का, वजन घटलं का. पाच-सात मिनिटांचं काम. पण हा आजार ज्या ज्या वाटेनं परत येऊ शकतो, त्या बहुतेक वाटांवर ते हात आणि ते प्रश्न फिरून आलेले असतात. त्याला 'नुसता हात' म्हणू नको.

आपल्याच मुंबईतलं उदाहरण देते. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ठरावीक काळानं हातानं तपासले. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. हा अभ्यास आजार पहिल्यांदा शोधण्याचा होता, आपल्यासारख्या उपचार झालेल्यांचा नव्हे. पण शिकलेल्या हाताची किंमत त्यातून कळते.

आता माझं सांगते. उपचार संपून वर्ष झालं असेल. रोज रात्री वाटायचं, आत काहीतरी वाढतंय आणि कुणालाच दिसत नाही. कुणीतरी एका खासगी केंद्राचं नाव सांगितलं. डॉक्टरांना न विचारता मी सगळ्या अंगाचा स्कॅन करून आले. रिपोर्टात फुफ्फुसावर एक ठिपका. झालं. पुढचे पाच आठवडे आपल्या घरात कुणी धड जेवलं नाही. पुन्हा स्कॅन, सुईची तपासणी, मुंबईच्या चकरा. शेवटी निघालं काय, तर लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाची जुनी खूण. बाबांनी तेव्हा माझ्यासाठी बैलजोडी विकली होती, तू विसरली नसशील. त्या स्कॅननं आजार सापडला नाही आणि भीतीही गेली नाही. उलट भीतीला एक ठिकाण मिळालं.

नंतर माझ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. ते जसं समजलं तसं सांगते. हा आजार परत येतो तो दोन तऱ्हांनी. एक, त्याच स्तनात, छातीवर, काखेत, नाहीतर दुसऱ्या स्तनात. हा लवकर सापडला तर बऱ्याचदा पुन्हा काढून टाकता येतो, बाई पुन्हा बरी होऊ शकते. म्हणून हाताची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. दुसरा म्हणजे दूर, हाडात, फुफ्फुसात, यकृतात. तो त्रास सुरू होण्याआधी चार-सहा महिने स्कॅनमध्ये दिसला, म्हणून आयुष्य वाढतं असं आढळलेलं नाही. इटलीत दोन मोठे अभ्यास झाले, १९९४ साली छापून आले. दोन्ही मिळून अडीच हजारांवर बायका. निम्म्यांची छातीचे फोटो, हाडांचे स्कॅन अशी नेमानं जास्तीची तपासणी. बाकीच्यांची हातानं तपासणी आणि मॅमोग्राफी. दोन्हींकडे बायका सारख्याच जगल्या. नवी औषधं आली म्हणून जर्मनीत हा प्रश्न आता पुन्हा तपासला जातोय. पण आज तरी, काही त्रास नसताना नेमानं स्कॅन किंवा रक्तातल्या ट्यूमर मार्करच्या तपासण्या करू नयेत असंच डॉक्टरांचे नियम सांगतात. तेव्हा तुला टाळलं नाही गं. जे पैसेवाल्या बाईचं व्हायला हवं, तेच तुझं झालं.

आता नेम काय ते वहीत उतरवून घे. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं. चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी. त्यापुढे वर्षातून एकदा, जन्मभर. मॅमोग्राफी दर वर्षी. तुझा स्तन वाचवलाय, म्हणून दोन्हींची; माझा काढलाय, म्हणून माझी उरलेल्या बाजूची. शेक संपल्यावर निदान सहा महिने तरी मॅमोग्राफी करत नाहीत, कारण सूज असते आणि चित्र फसवं येतं. तुझे शेक ऑक्टोबरात संपले. म्हणजे एप्रिलची तारीख तुझ्या पहिल्या मॅमोग्राफीची आहे, आणि नेमकी तीच तू चुकवायला निघालीस.

गोळी हीसुद्धा तपासणीइतकीच महत्त्वाची. तुझा आजार हार्मोनवर वाढणारा, म्हणून तुला टॅमोक्सिफेन दिलंय. निदान पाच वर्षं, काहींना दहा. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोपमोड होते, हे खरं. तसं झालं तर डॉक्टरांना सांग, उपाय असतात. पण आपल्या मनानं गोळी बंद करू नको. पाळी नसताना रक्त गेलं किंवा पाळी भलतीच वाढली, तर लगेच दाखव. एका पायाची पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. माझी गोळी वेगळी होती, लेट्रोझोल. ती हाडं ठिसूळ करते, म्हणून माझ्या हाडांची घनता तपासत होते. दोघींचा आजार एकाच नावाचा असला तरी वही वेगळी. माझं बघून तुझं ठरवू नको.

हळदीचंही सांगते, कारण आपल्या गावात प्रत्येक जण सांगणार. भाजीत घाल, दुधात घाल, काही बिघडत नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नको, आणि 'हळद घेतीये ना' म्हणून गोळी सोडू नको. आपल्या वावरात पिकतं म्हणून ते औषध होत नाही.

तुझ्या काखेतल्या गाठी काढल्यात, तेव्हा त्या हाताला जप. कंद मोडताना, माती झटकताना हातमोजे घाल. खरचटलं तर साबणानं धू, मलम लाव. हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, तर 'कामानं सुजला' म्हणून सोडू नको. तांबडा होऊन ताप आला तर रात्र काढू नको. हात घरी बसवून मात्र ठेवू नको, शिकवलेला व्यायाम रोज कर.

मधल्या महिन्यांत तुझी तपासणी तूच. नवी गाठ, टाक्यांच्या आसपास पुळी किंवा कातडी ओढल्यासारखी, एकाच जागचं हाडाचं दुखणं जे रात्रीही थांबत नाही, न जाणारा खोकला, दम, कावीळ, उलट्यांसकट डोकेदुखी. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर तारखेची वाट पाहू नको. दम, कावीळ, तसली डोकेदुखी असेल तर तेवढंही थांबू नको. आजार परतल्याचं बऱ्याचदा पहिल्यांदा बाईलाच कळतं, बहुतेक वेळा दोन तारखांच्या मध्येच. आणि असा त्रास झाला की मग स्कॅन करायचाच. तेव्हा तो चैनीचा नसतो, गरजेचा असतो.

तुझा दुसरा प्रश्न, दर वेळी एवढ्या लांब जायचं कसं? यालाही वाट आहे. इंग्लंडमध्ये १९९६ साली आणि कॅनडात २००६ साली अभ्यास झाले. काही बायकांना मोठ्या रुग्णालयाऐवजी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवलं, सोबत काय पाहायचं याची चिठ्ठी देऊन. त्यांचं काही वाईट झालं नाही. तेव्हा एप्रिलला तुझ्या डॉक्टरांना विचारू, की मधली एखादी तपासणी हिंगोलीत केली तर चालेल का, आणि काय पाहायचं ते लिहून द्याल का. आता आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलंय. लांब जायची वेळ आली तर एसटीत आपल्याला, बायकांना, अर्धं तिकीट आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी आणि ठरलेल्या तपासणीसाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. मागून घे, लाजू नको.

आज महिला दिन. गेल्या वर्षी याच दिवसापासून आपल्या जिल्ह्यात कर्करोग शोधण्याचं संजीवनी अभियान झालं. आशाताई घरोघरी प्रश्न विचारत फिरल्या. २ लाख ९२ हजार ९९६ बायकांची माहिती घेतली, त्यात १४ हजार ५४२ जणींमध्ये संशय घ्यावा अशी लक्षणं निघाली. बातमी आली तेव्हा तू घाबरून मला फोन केला होतास, की साडेचौदा हजार बायकांना कॅन्सर! पण जुलैत आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं तेव्हा पुढच्या तपासण्यांत निदान झालेल्या होत्या बारा: तोंडाच्या कर्करोगाच्या आठ, गर्भाशयमुखाच्या तीन, स्तनाची एक. संशय आणि आजार यांत एवढं अंतर असतं. माझ्या फुफ्फुसावरचा ठिपका त्यातलाच.

पण त्या एका बाईचा मी वर्षभर विचार करते आहे. ती आपल्याच जिल्ह्यातली कुणी. तिला शोधायला अख्खं गाव, अख्खी यंत्रणा उठली, आणि ते फार चांगलं झालं. तिचे उपचार संपल्यावर तिची तारीख कोण लक्षात ठेवणार? तिची गोळी मध्येच बंद पडली तर कुणाला कळणार? माझं मागणं एवढंच आहे. उपकेंद्रात बाळंतिणींची नोंद असते, बाळांच्या लसींच्या तारखा असतात, तशीच उपचार झालेल्या बायकांचीही एक नोंदवही असावी. नाव, पुढची तारीख, मॅमोग्राफीचा महिना, गोळी चालू की बंद. आशाताई महिन्यातून एकदा दारात येऊन विचारतील, "जाऊन आलीस का?" यंत्र लागत नाही याला. मी इथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना तसं पत्र लिहिते आहे. तुझी सही चालेल का ते सांग. नाव झाकायचे दिवस आपण दोघींनी फार काढले.

तोवर तुझी आशाताई मी. पंधरा एप्रिल, बुधवार. घरच्यांना सांग, हळद एक दिवस थांबते. मी आदल्या रात्री मुक्कामालाच येते. फाइल, जुन्या फिल्म, गोळ्यांचं रिकामं पाकीट, सगळं एका पिशवीत काढून ठेव. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न रात्री बसून दोघी मिळून वहीत लिहू, कारण आत गेल्यावर आठवत नाहीत. काखेत पावडर लावू नको, मॅमोग्राफीच्या चित्रात ती ठिपक्यांसारखी दिसते. आणि पुढून हुकांचा ब्लाउज घाल, तपासायला सोपं जातं.

तुझी,
आक्का