न लागलेलें तिकीट

चढणीचें मोल आम्हां कर्जत-खालापूरकरांस निराळें सांगावें लागत नाहीं. बोरघाट चढण्यासाठीं पुण्याकडे निघालेल्या पुष्कळ गाड्यांस कर्जत येथें मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात (त्या अवधींत वडा खाण्याची प्रथा सर्वश्रुत आहे), आणि खालापूरच्या नाक्यावर टोल भरल्यावांचून द्रुतगति मार्गावरील मोटार पुढें सरकत नाहीं. संगणकावरील टपालास मात्र मोल नाहीं. म्हणून त्यांत कचरा फार.

हें मोल बसविण्याची कल्पना सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनीं १९९२ सालीं मांडली. पुढें १९९७ सालीं ॲडम बॅक यांनीं 'हॅशकॅश' नांवाचें तिकीटच तयार केलें. हें तिकीट पैशांचें नव्हे, श्रमांचें. पत्र धाडणाऱ्या संगणकानें सरासरी दहा लाखांवर आंकडे चाळून अटींत बसणारा एक शोधावयाचा. घेणाऱ्यास तो खरा कीं खोटा हें एकाच हिशेबांत कळावयाचें. एका पत्रापुरता हा क्षणभराचा खोळंबा. लाखों पत्रें उधळणाराचा मात्र दिवस मोडावा, असा बेत.

आमच्या घरचें टपाल आम्ही घरांतल्याच एका लहान संगणकावर ठेवितों. तेथें कचरा निवडण्याचें काम 'स्पॅमअसॅसिन' ही आज्ञावलि करते. हॅशकॅश तपासण्याची सोय तींत पुष्कळ वर्षें होती; २०२२ च्या डिसेंबरांत निघालेल्या ४.० या आवृत्तींतून ती काढून टाकण्यांत आली. आम्ही जुनें टपाल चाळलें, तों असें तिकीट लावलेलें एकही पत्र आढळलें नाहीं! आढळावें तरी कसें? लावणारास थोडी सवलत होती, न लावणारास दंड नव्हता. आणि दंड ठेवला असता तर सारें टपालच अडलें असतें. शिवाय कचरा धाडणारे लोक परक्यांचे संगणक बळकावून त्यांजकडून फुकट राबवून घेतात. त्यांस जाच होईल इतकें मोल चढविलें तर कित्येक सरळ माणसांसही तें झेपणार नाहीं, हें बेन लॉरी व रिचर्ड क्लेटन यांनीं २००४ सालींच हिशेबानें दाखविलें होतें. कोणी न वापरणारी वस्तूही कोणास तरी सांभाळावी लागतेच. तेव्हां ती काढली हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे.

तरी चुटपुट लागली. त्या तिकिटापुढें कर्जतचा लहानसा पत्रलेखक आणि मुंबईची मोठी पेढी सारखींच होतीं. आतां पत्राची पारख धाडणाराच्या लौकिकावरून होते, आणि लौकिक ठरविणाऱ्या पेढ्या मूठभर व अवाढव्य. आमच्या घरून गेलेलें लग्नाचें आमंत्रण एका आप्तांच्या कचऱ्याच्या पेटींत आठ दिवस पडून राहिलें! गंमत अशी कीं, २००८ सालच्या बिटकॉइनच्या मूळ निबंधांत हॅशकॅशचा नामनिर्देश आहे. टपालास जें कोणी लावलें नाहीं, त्याच जातीच्या श्रमांवर तें नाणें पाडलें जातें. असो. आम्ही नवी आवृत्ति बसविली आहे, आणि आमंत्रण धाडल्यावर दूरध्वनीवरून पोंचलें कीं नाहीं तें विचारून घेतों.