तुझ्या फोनात असंल

३० जुलैची रात्र. मी किन्हवलीच्या घरी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आमच्या क्लायंटचे दोन ओरॅकल डेटाबेस आहेत, एक पुण्यात आणि एक मुंबईत. पुण्याचा डेटाबेस मुंबईच्या टेबलांतून रोजचे व्यवहार वाचतो. त्यासाठी त्याच्यात एक ‘डेटाबेस लिंक’ बनवलेली आहे. त्या रात्री लिंकवरची प्रत्येक क्वेरी एकच उत्तर देत होती: ओआरए-१२१५४.

याचा अर्थ, ज्या नावाने हाक मारतोयस ते नाव मला सापडत नाही. नाव आणि पत्ता यांची जोडी टीएनएसनेम्स नावाच्या एका साध्या फाइलमध्ये असते. मी माझ्या लॅपटॉपवरची फाइल उघडली. नाव होतं, पत्ताही बरोबर होता. टीएनएसपिंग केलं, ओके आलं. मुंबईला थेट लॉगिन केलं, तेही झालं. शेवटी लिंक काढून पुन्हा बनवली. तीही बिनतक्रार बनली, कारण लिंक बनवताना ओरॅकल ते नाव तपासत नाही, वापरताना तपासतं. हे मी विसरलो होतो. अडीच तास गेले.

एक वाजता सरांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “हे सगळं तू कुठून चेक केलंस?”

“माझ्या लॅपटॉपवरून, सर.”

“आणि मुंबईला हाक कोण मारतंय? तू, की पुण्याचा सर्व्हर?”

मी गप्प. लिंक वापरली जाते तेव्हा पुण्याचा सर्व्हर स्वतःकडची फाइल वाचतो. माझ्या लॅपटॉपचा तिथे संबंधच नसतो. आठवड्यापूर्वी तो सर्व्हर नव्या मशिनवर हलवला होता आणि त्या मशिनवरच्या फाइलमध्ये मुंबईचं नावच नव्हतं. ते घातलं. आता ओआरए-१२१७० आली, म्हणजे टाइमआउट. मला बरं वाटलं. एरर बदलली म्हणजे निरोप पुढे सरकला. १२१५४ म्हणजे पत्ताच माहीत नाही. १२१७० म्हणजे पत्ता आहे, पण वाट बघून थकलो, बहुतेक वेळा मध्ये फायरवॉल असते. १२५४१ म्हणजे मशिनपर्यंत पोचलो, पण ऐकायला लिसनर नाही. १२५१४ म्हणजे लिसनर आहे, पण तो म्हणतो, या नावाची सर्व्हिस मला माहीत नाही. ०१०१७ म्हणजे थेट दारात पोचलो, पण युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. फायरवॉलवाल्या टीमने नव्या मशिनला वाट मोकळी केली आणि साडेतीनला रिपोर्ट गेला.

झोप मात्र येईना. शेजारची आजी आठवत होती.

आजी एकटी राहते. तिचं अंत्योदय कार्ड आहे, महिन्याला ३५ किलो धान्य. त्या महिन्यात ती रेशनच्या दुकानातून दोनदा रिकामी परत आली होती. मशीन अंगठा घेत नव्हतं. मी घरबसल्या फोनवर बघितलं होतं: कार्ड चालू, आधार जोडलेलं. “आजी, सगळं बरोबर आहे, परत जा,” मी सांगून टाकलं. ती म्हणाली, “तुझ्या फोनात असंल रे पोरा, तितं नाय ना.” मी हसलो होतो.

महिना संपायला एकच दिवस उरला होता. सकाळी तिच्याबरोबर दुकानात गेलो. रांगेत कुणी म्हणालं, नेट नाय. कुणी म्हणालं, नाव उडालं असंल. मी मशिनच्या स्क्रीनवरचा मेसेज वाचला: बोटाचा ठसा जुळत नाही. म्हणजे नेट होतं आणि नावही होतं. निरोप आधारच्या सर्व्हरपर्यंत जाऊन नकार घेऊन परत आला होता. हा आमच्या ०१०१७चाच भाऊ.

आजी महिनाभर लावणीला जात होती. चिखलात राहून बोटांची सालं निघाली होती आणि दर वेळी तिचा तोच उजवा अंगठा लावला जात होता. हात धुऊन पुसले, एकेक बोट लावून बघितलं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट लागलं आणि पावती बाहेर आली.

गोणी बाइकवर बांधताना मला तिच्याकडून शाबासकीची अपेक्षा होती.

“आधीच आला असतास,” ती म्हणाली, “तर माझ्या दोन खेपा वाचल्या असत्या.”