सोळा जीबीची सनद

एका मोठ्या दप्तराच्या संगणक-कक्षात मी काही वर्षे ज्या सर्व्हरची निगराणी केली, त्याच्यात मेमरी होती 128 जीबी आणि त्यावर नांदणाऱ्या व्हीएमना मंजूर झालेली मेमरी मात्र त्याहून पुष्कळ अधिक होती. नवख्या माणसाला ही उघड दिवाळखोरी वाटावी, परंतु प्रत्येक खाते जेवढे मागते आणि जेवढे वस्तुतः वापरते त्यांतील तफावतीवरच हा कारभार सुखेनैव चालतो.

तंगी पडलीच, तर वसुलीची एक सभ्य रीत आहे. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 सालच्या शोधनिबंधात विशद केलेल्या ‘बलूनिंग’मध्ये व्हीएमच्या आत बसवलेला एक ड्रायव्हर, हायपरव्हायजरचा हुकूम येताच, तिथली मेमरी अडवून धरतो; मग कोणते पेज सोडावे आणि कोणते राखावे, याचा निवाडा त्या व्हीएमचीच ऑपरेटिंग सिस्टिम करते. हायपरव्हायजर स्वतः स्वॅप करू लागला, की त्याला आतले काहीच ठाऊक नसल्यामुळे नेमके निकडीचे पेज डिस्कवर जाण्याचा संभव असतो. बलून हा तगादा, स्वॅप ही आंधळी जप्ती.

एका महिनाअखेरीस लेखा विभागाचा डेटाबेस इतका मंदावला, की साधी खतावणी उघडेना. आणि नवल हे, की सर्व्हरवर मेमरी विपुल मोकळी होती. व्हीएममध्ये टास्क मॅनेजर पूर्ण 16 जीबी दाखवी, त्यांतील बहुतेक व्यापलेली, पण व्यापणारी प्रोसेस कुठे दिसेना. अखेर सेटिंगचा तपशील चाळताना ‘लिमिट’च्या रकान्यात 4096 एमबी हा आकडा सापडला. ज्या टेम्प्लेटवरून ही व्हीएम घडवली, त्यात कुणीतरी घालून ठेवलेली ती मर्यादा मेमरी चारावरून सोळावर नेल्यावरही तशीच राहिली होती. बलूनला, मुळातली सेटिंग बदलली नसेल तर, 65 टक्क्यांपर्यंतच मेमरी अडवता येते. सोळापैकी सुमारे साडेदहा जीबी अडवूनही चाराचे बंधन पाळले जाईना, म्हणून उरलेली दीडेक जीबी हायपरव्हायजरने डिस्कवर लोटली होती.

लिमिट काढताच बलून ओसरला. स्वॅपमध्ये गेलेली पेजेस मात्र गरज पडेल तशीच परततात. म्हणून रात्री व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली.

माझ्या मते या लिमिटचा उपयोग क्वचित, उपद्रव फार. डेटाबेसची काळजीच असेल तर त्याला रिझर्वेशन द्यावे. आपल्याकडेही जुनी टेम्प्लेटे असतील, तर तो रकाना आजच उघडून पाहा. तिथे ‘अनलिमिटेड’ असावयास हवे.