अडीच मिलिमीटरचा कारभार

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. रस्ता दिसतो, माणूस दिसतो, चौकट दिसते. रोल धुऊन आला की फिल्म कोरी. आपण लेन्समधून बघतच नसतो ना! बघतो ते वरच्या बाजूच्या वेगळ्या खिडकीतून. एसएलआरमधला आरसा लेन्सने पाहिलेलं चित्र थेट डोळ्यापर्यंत पोचवतो. रेंजफाइंडर नुसता निरोप आणतो. आणि मधे निरोप्या आला की तो कितपत भरवशाचा, यावर सगळं आलं.

या निरोपाची वाट मोठी गमतीची आहे. फोकसची कडी फिरवली की लेन्स पुढं सरकते. तिच्या मागची पितळी कड बॉडीच्या तोंडात, वरच्या बाजूला बसवलेलं एक लहानसं चाक रेटते. त्या चाकाचा दांडा आतलं भिंग किंवा आरसा किंचित हलवतो आणि व्ह्यूफाइंडरच्या मधल्या उजळ चौकोनात दोन प्रतिमा एकमेकींकडे सरकू लागतात. एकीवर एक बसल्या की फोकस झाला. आता हिशेब बघा. 50 मिमीची लेन्स अनंतावरून एक मीटरवर आणायची तर ती सरकते जेमतेम 2.6 मिमी. त्यातही अनंतापासून दहा मीटरपर्यंतचा मुलूख, म्हणजे डोंगर, समुद्र, मैदानापलीकडची इमारत, हे सगळं पाव मिलिमीटरात उरकतं. आटे थोडे झिजलेले असोत, दांड्यात केसभर ढिलेपणा असो, डोळ्याला दोन्ही प्रतिमा जुळलेल्या दिसतात आणि फोटोत नाकाऐवजी कान स्पष्ट येतो.

म्हणून या कॅमेऱ्यांच्या बाबतीत बांधणीचं कौतुक हातातल्या वजनावरून करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मुंबईत फोर्टात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. कुणी बॉडी काउंटरवर ठेवली की ते बाहेरचं काही बघायचेच नाहीत. लेन्स उतरवायचे, डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचे आणि करंगळीने आतलं चाक हलकेच दाबून सोडायचे. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. सोडल्यावर प्रतिमा दर वेळी नेमक्या त्याच जागी परत येते की नाही, एवढंच त्यांना हवं असे. येत असेल तर बाकीचं दुरुस्त होण्यासारखं. नसेल, तर वरचं क्रोम कितीही चकाकू दे, ते मान हलवायचे.

लायका एम3 या परीक्षेत सहसा उतरतो. 1954 साली वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने तो बाजारात आणला. व्ह्यूफाइंडर 0.91 पट, म्हणजे जवळजवळ उघड्या डोळ्यासारखा. दुसरा डोळाही उघडा ठेवून बघितलं तर समोरच्या जगावर हवेत चौकट तरंगते. हे सुख दुसऱ्या फार थोड्या कॅमेऱ्यांनी दिलं. पण चौकटी फक्त 50, 90 आणि 135 मिमीच्या. 35ची लेन्स लावायची तर व्ह्यूफाइंडरसमोर चष्मा येणारी तिची आवृत्ती शोधा. रोल भरताना खालची पत्रा-पट्टी काढायची, ती ठेवायला जागा नाही म्हणून दातात धरायची, फिल्मची शेपटी सुट्या रिळात खोवायची आणि सगळं तळातून आत सरकवायचं. मागून पूर्ण उघडणाऱ्या दारापेक्षा बॉडी अशी जास्त ताठ राहते, हे समर्थन ऐकायला बरं आहे. भर लग्नात वऱ्हाड पुढं निघालेलं असताना ते कुणालाच पटत नाही.

ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉनने मागची बाजू सबंध काढता येण्याची सोय 1930च्या दशकातच केली होती. 1936च्या कॉन्टॅक्स 2मध्ये चौकट आणि फोकस एकाच खिडकीत दिसू लागले, आणि त्या दोन प्रतिमा आत घेणाऱ्या पुढच्या दोन खिडक्यांमधलं अंतर होतं सुमारे 90 मिमी. हे अंतर जितकं जास्त तितका फोकस काटेकोर. एम3मध्ये ते 70च्याही आत आहे. कागदावर कॉन्टॅक्सच सरस. हातात घेतला की मात्र उजव्या हाताचं मधलं बोट बरोबर त्या दुसऱ्या खिडकीवर येतं आणि चौकोनातली एक प्रतिमा गुल होते. मग बोटं आखडून, चहाचा गरम कप धरावा तसा तो धरायला शिकावं लागतं. युद्धानंतर याचीच यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि कीव्हमध्ये कीव्ह नावाचे कॅमेरे बनू लागले. त्यांच्यात ती खिडकी तिथंच राहिली आणि बोटही तिथंच.

खारकीव्हच्या फेडची गोष्ट तर आणखी वेगळी. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या नावाची ही आद्याक्षरं. अनाथ मुलांच्या वसाहतीतल्या कारखान्यात 1934पासून लायकाची ही नक्कल बनू लागली. त्याचा भाऊबंद झोर्की-4 सवयीच्या माणसालाही एका बाबतीत हिसका दाखवतो: आधी शटर चढवायचं, मगच वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. माझ्या मते ही तऱ्हा नव्हे, दोष आहे. वापरणाऱ्याच्या विसरभोळेपणावर यंत्राने असा दंड बसवू नये. तरीही झोर्की मला आवडतो. तो फारसा लाडावलेला नाही, आणि उघडला की आतलं सगळं समजतं.

आरसा नसल्याची आणखी एक किंमत यांतल्या कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यांना मोजावी लागते. लेन्स उघडी, फोकस अनंतावर, आणि कॅमेरा टेबलावर उन्हाकडे तोंड करून पडलेला: सूर्य त्या रबरी कापडावर एकवटतो आणि टाचणीएवढं भोक पाडतो. उपाय काय, तर झाकण लावणं. म्हणजे पहिल्या परिच्छेदातल्या संकटाला स्वतःहून आमंत्रण. मी वापर नसताना ॲपर्चर लहान करून फोकस जवळ आणून ठेवतो, मधला मार्ग.

छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवत असे, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. आज तेच चकचकीत भाग जपण्यासाठी कॅमेरे काचेच्या कपाटात बसतात, आणि बसून बसून आतलं ग्रीस घट्ट होतं. असा कॅमेरा घेताना क्रोमवर हात फिरवत बसू नका. वेग एक सेकंदावर ठेवा, शटर दाबा आणि कान द्या. आतलं चक्र एका लयीत सुरसुरलं तर ठीक. मधेच अडखळलं, किंवा सेकंद चांगलाच लांबला, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच घासाघीस सुरू करा.