व्हाउचर बाद, पण पैसे कुठे गेले?

वाढदिवसाला मिळालेली पाचशेची नोट कपाटात वर्षभर राहिली तरी पाचशेचीच राहते. हल्ली मात्र नोटेऐवजी गिफ्ट व्हाउचर देतात. दिसायला एकदम झकास! मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक तारीख असते, ती कोण बघतो?

माझ्या भाचीला तिच्या आत्याने पुस्तकांच्या दुकानाचं असंच पाचशेचं व्हाउचर दिलं. आधी सहामाही परीक्षा, मग कांजिण्या. ती दुकानात पोचली तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. निवडलेली पुस्तकं परत फळीवर गेली. वर काउंटरवरचे काका म्हणाले, "तू कुठे पैसे दिलेस बेटा? भेटच होती ना!"

घरी येऊन तिने मला विचारलं, "मामा, आत्याचे पैसे तर दुकानाकडेच आहेत. मग बाद काय झालं?"

प्रश्न बिनतोड होता. मी कायदा उघडला. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे १९८६ साली आला, २०१९ साली तो नव्याने झाला. पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे पैसे आत्याचे असले तरी भाचीही ग्राहकच! काकांचं म्हणणं साफ चूक.

मुदतीचं प्रकरण जरा अवघड. मुदत घालूच नये, असं कायदा म्हणत नाही. अनेक दुकानांत चालणाऱ्या, बँकांनी वगैरे काढलेल्या गिफ्ट कार्डांना रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या नियमांत किमान एक वर्षाची मुदत सक्तीची केली. ती संपल्यावरही उरलेले पैसे मागता येतात. पण एकाच दुकानापुरतं व्हाउचर त्या नियमांत येत नाही. तिथे दुकानाच्या अटी चालतात. मात्र अट लपवली असेल किंवा अगदीच एकतर्फी असेल, तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

आम्ही भांडायला गेलो नाही. भाचीनेच अर्ज लिहिला. व्हाउचरचा क्रमांक, रक्कम, सोबत पावतीची झेरॉक्स. (आत्याने पावती जपून ठेवली होती, आत्या ती आत्याच!) त्या पावतीवर मुदतीचा उल्लेखच नव्हता, हेही तिने लिहिलं. मागणी एकच : मुदत वाढवा, नाहीतर पैसे परत द्या. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही आणि शिक्का घेतला. शिक्का देताना काकांचा चेहरा पाहण्यासारखा होता! आठवड्याने फोन आला : पंधरा दिवस मुदत वाढवली आहे.

नसती वाढवली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आम्ही वहीत लिहून ठेवलाच होता. तिथे फोनला पैसे पडत नाहीत.

आणि तुमच्या कपाटात, कंपासपेटीत किंवा आईच्या पर्समध्ये एखादं व्हाउचर पडलं असेल, तर मागची तारीख बघा. अजून उलटली नसेल, तर हे पान तसंच ठेवा आणि आधी दुकान गाठा!